गल्लीभर माफी, आमच्या दारात नाही

माझ्या आईला संशय घ्यायला कारण लागत नाही. आधी संशय घ्यायचा, कारण मागाहून सापडतंच, असा तिचा अनुभव आहे. कल्याणच्या मासळी बाजारात तिच्या, म्हणजे भागीरथी कोळणीच्या, टोपलीतला बोंबील कुणी नुसता उचलून पाहिला तरी ती त्याच्या बोटांकडे बघत राहते. देवळातून बाहेर आल्यावर चपला आपल्याच आहेत ना, हे ती चपला उलट्या करून तपासते. अशी बाई अठ्ठ्याऐंशी सालच्या शिमग्यानंतर अगदी मोकाट सुटली, कारण त्या वेळी तिला खरोखरीचं कारण मिळालं होतं. माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

मुलगा ठाकुर्लीचा, गणू नावाचा. आमच्यातलाच, कोळ्याचा, पण मानपाड्याला एका कारखान्यात लागलेला. माघात ते लोक बघायला आले. मोठी माणसं आत मुहूर्ताचं बोलत बसली आणि आम्ही दोघं मागच्या दारी खाडीकडे तोंड करून उभे राहिलो. मग तो म्हणाला, "तुला पोहता येतं?"

"रेतीबंदरला जन्मलेय मी," मी म्हटलं. "तुला?"

त्यानं एकदा मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाला, "नाय येत. कुनाला सांगू नको हां, पोरं हसतील."

मला इतकं हसू आलं की पदर तोंडावर धरावा लागला. कोळ्याचा मुलगा आणि पोहता येत नाही! आणि ते तो मला, पाच मिनिटांच्या ओळखीत, स्वतःहून सांगत होता. मला तो तिथल्या तिथे आवडला.

सुपारी फुटली. मग शिमगा झाला आणि मध्यस्थ दामाजी तोंड पाडून निरोप घेऊन आला. पोराला इतक्यात करायचं नाही म्हणतात. दामाजीनं चहासुद्धा घेतला नाही. चहा सोडून उठणारा दामाजी आम्ही पहिल्यांदाच बघत होतो, तेव्हा प्रकरण साधं नाही हे सगळ्यांना कळलं.

कुणीतरी कान भरले, हे आईनं त्याच मिनिटाला ठरवलं. काय सांगून भरले, तेही उघड होतं. लहानपणी मला फिट यायच्या. शाळेत घातलं त्या सुमाराला सुरू झाल्या, गोळ्या चालू झाल्या, आणि चौथी-पाचवीत कधीतरी थांबल्या त्या थांबल्याच. आता मी बालवाडीत शिकवत होते, दिवसभर पोरांच्या मागे धावत होते आणि मला साधी सर्दी होत नव्हती. पण आकडीची पोर हे नाव एकदा लागलं की निघत नाही, म्हणून सासरच्यांना हे सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे आईनं ठरवलं आणि बाबांनी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. मला फक्त बजावलं.

आता ही गोष्ट माहीत असणारी माणसं मोजकी. आईनं एकेकाला धरायला सुरुवात केली. पहिला नंबर सरस्वती आत्याचा, कारण आत्याच्या मुलीचं अजून कुठे जमत नव्हतं. आत्या आली की आई घरातलं बोलणं थांबवायची आणि ती गेली की जिथे बसली होती ती जागा पुसून काढायची. दुसरा नंबर दवाखान्यातल्या बाबुराव कंपाउंडरचा, कारण माझ्या गोळ्या तोच पुडीत बांधून द्यायचा. बिचारा बाबुराव रस्त्यात भेटला की "काय भागीरथीबाई, बरंय ना?" म्हणायचा आणि आई त्याच्या त्या "बरंय ना"चे आठवडाभर वेगवेगळे अर्थ लावायची. बाबा ओटीवर जाळं शिवता शिवता एकदा म्हणाले, "सोड ना आता." त्या दिवशी थोडा वेळ आईला बाबांचाही संशय आला होता, असं मला वाटतं.

फक्त एका माणसाकडे तिची नजर वळली नाही, आणि ती होती आमच्या भिंतीपलीकडची मैमुनामावशी.

मैमुनामावशी कोकणी मुसलमान, आमच्याइतकीच जुनी कल्याणची. नवरा बोटीवर कामाला होता, तो गेला. मुलगी भिवंडीला दिलेली. कोळणींच्या चोळ्या शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची आणि आमची खोली एकाच कौलाखाली, मध्ये एक भिंत, आणि ती भिंतही कौलापर्यंत न पोचलेली. वरच्या फटीतून तिच्या फोडणीचा वास आमच्याकडे यायचा आणि आमची भांडणं तिच्याकडे जायची. ती आणि आई बोलायला लागल्या की नुसत्या बोलीवरून कोण कोळीण आणि कोण मुसलमान हे बाहेरच्याला सांगता आलं नसतं.

मला पहिली फिट आली ती त्या दोन घरांच्या ओटीवर. कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी कांदा फोडला, आई नुसती ओरडत सुटली. मैमुनामावशीनं चप्पल हिसकावून अंगणात भिरकावली, मला कुशीवर वळवलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. हे आई इतक्या वेळा सांगते की मला ते आठवतंच असं वाटतं. म्हणून मैमुनावर संशय नाही. सगळ्या जगात तिनं तेवढी एक जागा झाडून स्वच्छ ठेवली होती.

ती जागा शब-ए-बरातच्या दिवशी गेली.

शब-ए-बरात आमच्या गल्लीला नवी नव्हती. रमजानच्या आधीच्या महिन्यातली पुनवेची रात्र. मैमुनामावशी चण्याच्या डाळीचा हलवा करायची, पुतण्याच्या हाती नवऱ्याच्या कबरीवर फुलं पाठवायची आणि रात्रभर नमाज पढायची. पण त्याआधी, दिवस बुडायच्या आत, ती गल्लीतल्या प्रत्येक दारात जायची. मुसलमानांच्याही आणि आमच्याही. दारात उभं राहून म्हणायची, "वर्साभरान काय बोल्ला-चाल्ला असंल, कलत-नकलत दुखवला असंल, तं माफ करा." लोक "हो, हो" म्हणायचे. आमच्या दारात आली की आई म्हणायची, "चल हट, तुजी कसली माफी! हलवा दे आदी." आणि झालं.

एकदा आईनंच तिला विचारलं होतं, हे दरवर्षी कशासाठी म्हणून. मैमुनामावशी ओटीवर बसून म्हणाली होती, "त्या राती अल्ला सगल्यांना माफ करतं. त्याचा जा काय आपन चुकवला, ता त्यो सोरून देतं. पन मानसाचा मानसानंच माफ कराचा. त्यात त्यो पन हात घालत नाय. आन ज्याच्या मनान दुसऱ्यासाठी वाकडा हाय, त्याच्यासाठी त्या राती दार उघडत नाय."

"म्हंजे तुमच्या देवाकडं जायची वाट आमच्या वटीवरना जाते," आई म्हणाली होती.

"तसाच समज," मैमुनामावशी हसली होती. मग जरा थांबून म्हणाली, "आन त्याच राती पुढच्या वर्साचा लिवतान. कोन ऱ्हानार, कोन जानार. म्हून घाई."

त्या वर्षी ती रात्र चैत्री पुनवेला आली. शनिवार होता आणि वर हनुमान जयंती, म्हणजे मासळीला गिऱ्हाईक नाही. आई घरीच होती. मी बालवाडी सुटल्यावर दुपारी आले तर आई भिंतीला टेकून बसलेली, समोर जमिनीवर हलव्याची थाळी, वरचा रुमालही काढलेला नव्हता.

मी हात पुढे केला.

"हात लावू नको," आई म्हणाली.

"का?"

"बोल्ली नाय."

"कोण? काय नाही बोलली?"

"मैमुना. थाली ठेवली, पानी प्यायली, तुना इचारला, 'शालन नाय?' बोल्ली, आन निंगून जेली. माफीचा बोल्लीच नाय."

"विसरली असेल."

"विसरली?" आई उठून बसली. "रखमाबाईला बोल्ली. मी इचारून आयली. नलावर वर्सभर एकमेकींच्या झिंज्या धरतान, तिला पन बोल्ली. त्या कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडाला बोल्ली, ते येऊन अजून महिना नाय झायला. सगल्या गल्लीला बोल्ली आन मना नाय. मना! जिच्याकडं ती रोज मीठ मागाया येते!"

आई दुपारपर्यंत अख्खी गल्ली फिरून आली होती. सुंठवडा वाटायच्या निमित्तानं. मारुतीलाही तिनं कामाला लावलं होतं.

मी म्हटलं, "अगं, उलट आहे ते. घरच्या माणसाची कोण माफी मागतं?"

"इतकी वर्सां मंग मी कोन व्हती? परकी?" तिच्याकडे उत्तर तयार होतं. मग तिनं आवाज खाली आणला, कारण वरची फट. "माजा आईक. जिथं काय नसते ना, तिथं तोंडान मागाया सोपा. ती माफी फुकटची. जिथं खरा काय केलेला असते, तिथं जीभ वलत नाय. तिची वलली नाय."

हे मी आधी हसण्यावारी नेणार होते. पण ते वाक्य डोक्यात बसलं. आईचे संशय बहुधा वेडेच असतात, पण ती ते रचते मात्र पक्के.

"आन दुसरा," आई म्हणाली. "शिमग्याच्या आदी गणूची आय आलेली ना, मनुबाई? चोलीचा माप द्याया मैमुनाकडं? मी चुलीपाशी व्हती. मशीन चालू व्हती. मंग मशीन थांबली. लय वेल थांबली, शालन. माप घ्याया इतका वेल लागते?"

बाबा ओटीवरून म्हणाले, "जुना माप नसंल. नवीन बाई."

"तुमी जाला शिवा."

मला आत कुठेतरी खडा टोचल्यासारखं झालं. कारण मलाही आठवलं. शिमग्यापासून मैमुनामावशी माझ्याकडे सरळ बघत नव्हती. मी पाणी भरायला गेले की ती बादली उचलून आत जायची. तेव्हा मला वाटलं होतं, लग्न मोडलेल्या मुलीला काय बोलावं हे लोकांना सुचत नाही, तसं असेल. आता दुपारच्या उन्हात त्या न खाल्लेल्या हलव्यासमोर बसून मला ते सगळं वेगळं दिसायला लागलं. महिनाभर मी आईला हसत होते आणि आता तिच्या शेजारी बसून मीही हिशेब जुळवत होते. संशयाचं हेच वाईट आहे. तो शेजारी बसलेल्यालाही लागतो.

आईला लगेच जाऊन भांडायचं होतं. कातडी सोलून काढते म्हणाली. पण मग तिनंच विचार बदलला. भांडायला गेलं तर मैमुना सावध होईल. तिनं थाळीतला हलवा वाडग्यात काढला, थाळी घासली, त्यात सुंठवडा घातला आणि माझ्या हातात दिली.

"तू जा. रिकामी थाली देऊ नये म्हून आयली, एवडाच बोल. आन तिचा तोंड बग. नीट बग. मी हतं हाय." म्हणजे फटीखाली.

उन्हं कलली होती. मैमुनामावशीची खोली सारवून लख्ख केलेली होती, ऊद जळत होता, मशीनवर चादर टाकलेली. तिनं आंघोळ केली होती आणि पांढरी ओढणी घेतली होती. मला बघून ती उठली, थाळी घेतली, सुंठवडा चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "सकाली तुज्यासाठीच आयली व्हती मी."

"आई म्हणाली."

"बस."

मी बसले. मी दाराकडे बघितलं, लावू का म्हणून.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि तिनं वर भिंतीच्या फटीकडे बघितलं. "तिला पन आईकू दे. बरा हाय." पलीकडे एक भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तुज्या आईला मी माफीचा बोल्ली नाय आज," मैमुनामावशी म्हणाली. "बोल्ली असती तं ती लगेच 'चल हट' बोल्ली असती. आन मी सुटली असती. फुकटान. ता चोरीच व्हती. म्हून नाय बोल्ली."

मला आईनं तोंड बघायला सांगितलं होतं, पण मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"ती मनुबाई आयली व्हती. माप देता देता इचारला, तुमी शेजारच्या, पोरीला लहानपनी काय दुखनाबिखना? मना 'नाय' बोलाचा व्हता, शालन. तोंड उघडला. पन खोटा आला नाय. आन खरा सांगाचा माजा काम नवता. मंग मी बोल्ली, 'पोरीलाच इचारा.' एवडाच. पन ती बाई मशीनवरच्या माज्या हाताकडं बगत व्हती. ती समजली. तुना इचाराया कोन आला नाय. निरोपच आला."

पलीकडून आईचा आवाज आला, दबलेला नाही, सरळ फटीतून. "सांगतलं नवता तुना? कोन इचारलं तं नाय बोल म्हून?"

"सांगतलं व्हतास," मैमुनामावशी वर बघून म्हणाली. "मना जमला नाय, भागीरथी."

"वा! जमला नाय!" आई म्हणाली.

मैमुनामावशी माझ्याकडे वळली. "तिची माफी नाय माज्याकडं. तिचा काय जेला? लगीन तुजा मोडला. हक तुजा हाय. आन माफी नुसती बोल्ली त्याची नाय. मी नंतर गप बसली. तुजी आय सरस्वतीला नावं ठेवते, बाबुरावला नावं ठेवते, मी भिंतीच्या हतना आईकते, आन गप. महिनाभर. तुज्याकडं बगाया लाज वाटाची. शालन, मना माफ करशील?"

लग्नाच्या या सगळ्या भानगडीत मला कुणी प्रश्न विचारला होता असा हा पहिलाच. मुलगा पसंत आहे का हेही कुणी विचारलं नव्हतं, तो पसंत पडला हे गृहीत होतं. फिटचं लपवू का, विचारलं नव्हतं. मोडलं तर आता काय वाटतंय, विचारलं नव्हतं. आणि आता ही माझ्यासमोर बसून विचारत होती, आणि उत्तराची खरोखर वाट बघत होती. मला वाटलं होतं, अशा वेळी माणूस विरघळतो. मला राग आला.

"त्याच दिवशी मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. "मनुबाई गेल्या गेल्या. मी ठाकुर्लीला गेले असते. मी स्वतः गणूला सांगितलं असतं. त्यानं काय ते ठरवलं असतं. आता काय करू? जत्रेत एकवीरेला कळलं मला, त्याचं खडवलीकडे ठरलंय. आता मला विचारून काय उपयोग?"

तिनं मान खाली घातली.

"नाही करता येणार मला," मी म्हटलं. "माफ नाही."

मैमुनामावशीनं डोळे मिटले आणि उघडले. रडली नाही, हात जोडले नाहीत, लहानपणी तुला मांडीवर घेतलं होतं असं तर अजिबात म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी उठून गेले असते.

"बरा," ती म्हणाली. "हक तुजा हाय."

मग आमच्या घरातून पावलं वाजली आणि आई दारात उभी राहिली. मला वाटलं आता भांडण. मी खरंतर वाटच बघत होते, कुणीतरी माझ्या बाजूनं मोठ्यानं भांडावं म्हणून.

"शालन," आई म्हणाली. "कर गो तिला माफ."

मी बघतच राहिले. "तू सांगतेस? दुपारी कातडी सोलत होतीस ना?"

"ता दुपारचा. आता दिस बुडाया आयला." तिनं बाहेर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, तिनं ती लपवलीसुद्धा नाही. "आज राती लिवतान ना. उद्या हिचा काय झायला तं? माफी नाय, काय नाय, तशीच जेली तं? हिच्या देवाच्या दारान आपन आडवा ऱ्हावाचा? नको गो."

"भागीरथी, तू नको सांगू तिला," मैमुनामावशी म्हणाली.

"तू गप. तुज्याशी मी मंग बोलते."

आणि मग माझा जो काही बांध होता तो फुटला, आणि पाणी भलत्याच बाजूला गेलं.

"तिच्या देवाची तुला काळजी!" मी आईला म्हणाले. "लपवायचं कुणी ठरवलं होतं? तू. खोटं बोलायला हिला कुणी सांगितलं? तू. मला विचारलंस?"

"आयनं पोरीला इचारायचा असते?"

"हिनं विचारलं! परक्या बाईनं विचारलं! त्या गणूनं मला स्वतःचं सांगितलेलं, आई. त्याला पोहता येत नाही, ते. मागच्या दारी, पहिल्याच दिवशी. मी हसले. आणि मी माझं सांगणार होते, माझ्या तोंडाशी आलेलं, आणि मला तू बजावलेलं आठवलं, आणि मी गप्प बसले. त्यानं सांगितलं आणि मी नाही सांगितलं." मला पुढचं बोलवेना, पण बोलले. "मला तो आवडलेला."

हे आईला माहीत नव्हतं. लग्न मोडल्याचा राग तिला आला होता तो घराण्याच्या नावाचा, कान भरणाऱ्याचा, दामाजीनं न घेतलेल्या चहाचा. मुलगी एका माणसासाठी महिनाभर आतल्या आत रडतेय हा संशय मात्र, सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माझ्या आईला, एकदाही आला नव्हता.

ती उंबऱ्यात बसली. बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"नाय इचारला," ती म्हणाली. "मी नाय इचारला, शालन."

बाहेर पोरांनी फुलबाज्या पेटवायला सुरुवात केली होती. मशिदीचा भोंगा खरखरला, अजान व्हायची होती. मैमुनामावशी उठली. "जा गो, घरी जा," ती मला म्हणाली. "डोलं धू. माजा मी बगते." आणि ती वजूसाठी, नमाजाआधीचे हातपाय धुवायला, मोरीकडे वळली. तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा नाही म्हटलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

"मावशी," मी म्हणाले.

ती थांबली.

"माफ."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. ती शिवणकाम करणारी बाई, कापड ओढून बघितल्याशिवाय तिला पटत नाही. "मनापासना?"

"अजून नाही," मी म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण तू बस नमाजाला. रात्र मोठी आहे, तोवर होईल."

मैमुनामावशीनं मान हलवली आणि ओढणी सावरून मोरीत गेली. तांब्यातलं पाणी पडायला लागलं आणि अजान सुरू झाली.

मी दारातून बाहेर पडायला लागले तर आई उंबरा अडवून बसलेली. मला वाट देण्यासाठी ती सरकली, पण उठली नाही. मी तिला ओलांडून पलीकडे गेले तेव्हा तिनं माझ्या निऱ्यांना धरलं. वर बघितलं नाही.

"माजा पन बग गो," ती म्हणाली. "रातीत जमला तं."